रेती साफ करणारे प्राणी घेताय? आधी हे वाचा

दुकानात येणारा दर दुसरा माणूस हेच विचारते, भाऊ खाऱ्या टँकची, म्हणजे समुद्री माशांच्या काचपेटीची, रेती घाण होऊन राहिली, काही साफ करणारं आहे का. आहे ना. पण घाण कोणती ते आधी पाहा.

टँक नवीन आहे आणि रेतीवर कॉफी पावडरीसारखा तपकिरी थर आला, तर तो डायाटम, म्हणजे एक सूक्ष्म शेवाळ. पाण्यातल्या सिलिकावर वाढते आणि काही आठवड्यांनी आपोआप जाते, त्याच्यासाठी पैसे घालू नका, फक्त पाणी आरओ-डीआयचंच, म्हणजे गाळून क्षार काढलेलंच, वापरा, बोअरचं नको. खारपाणपट्ट्यातले काही जण म्हणतात आमचं पाणी असंही खारटच आहे, मीठ कमी लागन. नाही बापा, पूर्णेच्या खोऱ्यातलं खारं पाणी म्हणजे समुद्र नव्हे, त्यातले क्षार वेगळे, प्रमाण वेगळं.

लाल-जांभळी साय धरली आणि बोटानं उचलली की फडक्यासारखी निघते, तर ते सायनोबॅक्टेरिया, शेवाळासारखे दिसणारे जिवाणू. ते भरवशानं खाणारा प्राणी आमच्याकडे नाही. सायफन लावा, खाणं कमी टाका, रेतीवरून पाण्याची धार फिरू द्या.

उरलेलं खाणं आणि हिरवं शेवाळ, इथं मात्र प्राणी कामाचे. माशांची विष्ठा खाईल म्हणून कोणी घेत असेल तर तसं नाही, गोगलगाय स्वतःही विष्ठा टाकतेच.

आमची पहिली पसंती नासारियस गोगलगाय. दिवसभर रेतीत गाडून राहते, वर फक्त सोंडेसारखी नळी दिसते. झिंग्याचा तुकडा टाकून पाहा, थोड्याच वेळात मिरगाच्या पावसानंतर किडे निघतात तशा चारी बाजूंनी रेती फोडून निघतात. शेवाळ मात्र खात नाही, ते काम सेरिथ नावाच्या दुसऱ्या गोगलगायीचं, ती रात्री निघून रेतीवर, दगडावर, काचेवर फिरते. दोन्ही मिळून रेती वरवर हलती ठेवतात, म्हणजे आपलं डवरणीचंच काम. त्यासाठी रेती बारीक पाहिजे, अॅरागोनाइटची, म्हणजे समुद्री चुनखडीची, इंच-दोन इंच. जाड खडीत नासारियसला गाडताच येत नाही. वर्धा नदीची रेती आणून टाकू नका, फुकट मिळते म्हणून टाकतात लोक.

किती घ्यायच्या? चार फुटी, म्हणजे दोनशे लिटरच्या आसपासच्या टँकला सुरुवातीला पाच नासारियस आणि पाच सेरिथ बस झाल्या. आम्ही वीस विकू शकतो, पण वावर दोन एकर आणि मजूर वीस असं झालं तर मजुरांनी खायचं काय? उपाशी मेलेली गोगलगाय रेतीतच सडते आणि अमोनिया वाढवते, मग साफ करायला आणलेलंच घाण करते. दोन महिने पाहा, घाण उरली तर आणखी न्या.

फायटिंग काँच ही मोठी समुद्री गोगलगाय चांगली, पण मोठ्या टँकमध्ये एकच. डायमंड गोबी मासा तोंडात रेती घेऊन कल्ल्यांतून गाळते, पाहायला लय मजा, पण रेतीतले बारीक जीव संपले की पोट खपाटीला जाते आणि मासा वाळत जाते, वरून फ्रोझन खाणं घ्यायला लागला तरच टिकते. उडी मारते म्हणून वर जाळी लागतेच.

रेतीत शिरणारा स्टारफिश आम्ही मागवत नाही. रेतीतले जिवंत बारीक जीव खाऊन टाकते आणि काही महिन्यांत भुकेनं मरते, छोट्या टँकमध्ये तर नक्कीच. सी-ककंबर, म्हणजे समुद्रकाकडी, तर विचारूच नका, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली २००१ पासून ती संरक्षित आहे, कोणी चोरून देत असला तरी घेऊ नका. हर्मिट खेकडा शंखासाठी गोगलगायीला मारते, तरी पाहिजेच असेल तर सोबत रिकामे शंख टाका.

आता आमची चूक सांगतो. संत्र्याच्या झाडांना बोर्डो लावायची बादली, धुतलेली, चांगली खळखळून धुतलेली, त्यात मी मिठाचं पाणी बनवलं. दुसऱ्या दिवशी एकही नासारियस हलेना, तुकडा टाकला तरी नाही, सगळ्या गेल्या, मासे मात्र जसेच्या तसे. बोर्डोत मोरचूद असते, मोरचूद म्हणजे तांबं, आणि गोगलगायी-खेकड्यांना तांब्याचा लवलेशही सोसत नाही. तेव्हापासून टँकची बादली वेगळी, निळ्या रंगाची, तिला घरात कोणी हात लावत नाही. तसंच कपाशीवर फवारणी करून आले असाल तर त्या दिवशी टँकमध्ये हात घालू नका, धुतला तरी. माशांचं औषधही विचारून टाका, पुष्कळ औषधांत तांबं असते.

मे महिन्यात कुलरच्या वाऱ्यानं पाणी भराभर उडते, मीठ मात्र तिथंच राहते. रोज साधं आरओ पाणी भरा, खारं नाही, घनता १.०२५ च्या आसपास ठेवा. खाणं न टाकता नासारियस काचेवर चढून बसल्या तर समजा ऑक्सिजन कमी आहे किंवा अमोनिया वाढला. लाइन गेली की हे होतेच, बॅटरीवरचा एअर पंप घरी ठेवा.

नेल्यावर पिशवीतून धपकन ओतू नका. बारीक नळीनं पिशवीतल्या पाण्यात थेंब थेंब टँकचं पाणी सोडा, तासभर तरी, मिठाचा फरक गोगलगायीला माशापेक्षा जास्त लागते. रात्रभर रेल्वेनं आलेली असते, एक-दोन दिवस गप्प पडून राहिली तरी घाबरू नका. वास घ्या, मेलेली असेल तर नाक सांगतेच, लगेच काढा.

प्राणी न्यायच्या आधी एकदा टँकचं पाणी बाटलीत घेऊन या, फुकट तपासून देतो. बाटली बिसलरीची चालते, फवारणीच्या औषधाची नाही.