पार्श्वभूमी : मेडा आणि डिअरहाउंडची बंद वंशावळ

डिअरहाउंड म्हणजे हरणांच्या शिकारीची उंच, खरखरीत केसांची स्कॉटिश कुत्री. त्यांच्या चाहत्यांच्या बोलण्यात मेडा या कुत्र्याचं नाव येतंच. १८१६ साली स्कॉटलंडच्या डोंगराळ हायलँडमधल्या ग्लेनगॅरीच्या कुळप्रमुखानं तो ॲबट्सफर्डच्या कादंबरीकाराला, सर वॉल्टर स्कॉटला, भेट दिला. नाव ठेवलं होतं इटलीतल्या १८०६च्या मेडाच्या लढाईवरून. नाकापासून शेपटीपर्यंत सुमारे सहा फूट लांब आणि स्वभावानं अगदी मवाळ असा हा कुत्रा. त्याची चित्रं इतक्यांनी काढली की पुढे पुढे ब्रश नि रंग दिसले की तो उठून खोलीबाहेर जायचा. ऑक्टोबर १८२४मध्ये तो गेला, तेव्हा मालकानं त्याला घराच्या दाराशी, त्याच्याच दगडी पुतळ्याखाली पुरलं. एडिंबरातल्या स्कॉटच्या स्मारकातही संगमरवरी मालकाशेजारी मेडा आहेच.

या जातीचं जे रूप लोकांच्या मनात बसलं, ते बरंचसं मेडाचं. आणि मेडा संकर होता. आई हायलँडची डिअरहाउंड, बाप पिरेनीज पर्वतातला वुल्फडॉग. ग्लेनगॅरीच्या कुळप्रमुखानं हे जाणूनबुजून केलं होतं. नात्यातल्या नात्यात वेतं घेऊन कुत्री खुरटतात, दम कमी पडतो, या भीतीनं त्यानं पिरेनीजचं आणि क्यूबन ब्लडहाउंडचंही रक्त आणलं.

दुसरी बाजू स्कॉटलंडच्याच कोलन्से बेटावरच्या मॅकनील भावांची. १७४६च्या कलोडनच्या लढाईत हायलँडची कुळं हरली आणि कुळव्यवस्था मोडली, पुढे बंदुका सुधारल्या आणि जखमी हरणाच्या मागावर मेंढ्या राखणारे साधे कोली जातीचे कुत्रे पुरू लागले. शिकारीची रानं लहान तुकड्यांत वाटली गेल्यावर मैलोन्‌मैल धावणारा हाउंड शेजाऱ्याच्या हद्दीत शिरायचा, तोही नकोसा झाला. अशा काळात या भावांनी जुनी, शुद्ध म्हणता येतील अशी कुत्री शोधून जमवली. त्यांच्या बस्कर या फिकट पिवळ्या नराची मापं १८३८मध्ये छापली गेली : खांद्याशी उंची २८ इंच, छातीचा घेर ३२ इंच, धावण्याच्या तयारीतलं वजन ८५ पौंड. म्हणजे ७१ सेंटिमीटर आणि साडेअडतीस किलो. आजच्या ब्रिटिश मानकात नराची किमान उंची ७६ सेंटिमीटर आणि वजन साडेपंचेचाळीस किलोच्या आसपास धरलं जातं. ७१ सेंटिमीटर ही आता मादीची किमान उंची आहे. हरणामागे खरोखर धावलेला बस्कर आज नराच्या मापात बसणार नाही.

१८८६मध्ये जातीचा क्लब झाला, १८९२मध्ये मानक लिहिलं गेलं आणि वंशावळीचं दार मिटत गेलं, म्हणजे बाहेरचं रक्त घेणं बंद होत गेलं. विजय कोलन्सेच्या विचाराचा झाला, कीर्ती मात्र ग्लेनगॅरीच्या कुत्र्याची राहिली. रक्ताबद्दल ग्लेनगॅरीचं म्हणणं अधिक खरं होतं, असं आजची दुखणी पाहून म्हणावं लागतं. मधल्या दोन महायुद्धांत खाण्याची टंचाई झाली, मोठी कुत्राघरं बंद पडली आणि मोजक्याच ओळी उरल्या. ब्रिटनमध्ये आता वर्षाला तीनशेहून कमी पिल्लांची नोंद होते.

इतक्या लहान संख्येत एखादा लाडका नर फार वापरला गेला की त्याचा वारसा दुधारी ठरतो. एकाच बापाची पण दोन आयांची भावंडं जोडली, तर पिल्लांचा अंतःप्रजनन गुणांक, म्हणजे आईबापांच्या नात्यामुळे जनुकाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून येण्याची शक्यता, १२.५ टक्के येतो. चुलतभावंडांच्या जोडीत ६.२५. ब्रिटनच्या नोंदणी संस्थेनं २००९पासून बाप-मुलगी, आई-मुलगा आणि सख्खी भावंडं यांची वेतं नोंदवणं थांबवलं, सावत्र भावंडांची नाही. शिवाय तीन पिढ्यांच्या कागदावर गुणांक शून्य दिसू शकतो आणि दहा पिढ्या मागे गेलं की तोच नर चार ठिकाणी सापडतो. म्हणून गणित किमान दहा पिढ्यांचं करावं, आणि एका नराची पिल्लं त्या पिढीच्या पाच टक्क्यांपलीकडे जाऊ देऊ नयेत.

खरी अडचण वेळेची आहे. नर दोन-चार वर्षांचा असताना वापरला जातो. हाडाचा कर्करोग किंवा हृदयाचा स्नायू सैल पडण्याचा विकार बहुधा त्यानंतर बऱ्याच वर्षांनी दिसतो. तोवर नातवंडंही झालेली असतात. यावर चांगला उपाय म्हणजे ऐन तारुण्यात वीर्य घेऊन उणे १९६ अंशाच्या द्रव नायट्रोजनमध्ये ठेवायचं आणि तो सात-आठ वर्षांचा निरोगी राहिला, तरच वापरायचं. वितळवलेले शुक्राणू जेमतेम दिवसभर जगतात, म्हणून मादीचं प्रोजेस्टेरॉन एक-दोन दिवसाआड मोजावं लागतं. ते ५ नॅनोग्रॅम प्रति मिलीच्या आसपास गेलं की बीज सुटलं असं धरतात. बीज पक्व व्हायला आणखी दोन दिवस लागतात. त्यानंतरच्या दिवसभरात वीर्य थेट गर्भाशयात सोडायचं. नुसतं योनीत सोडलं तर बहुतेक वेळा वेत रिकामं जातं.

प्रदर्शनांनी हा दबाव वाढवला आहे. हिकरी ही मादी २०११मध्ये न्यूयॉर्कच्या वेस्टमिन्स्टर कुत्रा-प्रदर्शनात सर्वोत्कृष्ट ठरली, या जातीतली पहिलीच. तिची नात क्लेअर २०२० आणि २०२१मध्ये अमेरिकेच्या नॅशनल डॉग शोमध्ये लागोपाठ जिंकली. मादीची वेतं शरीरानंच मर्यादित असतात. असं यश नराला मिळालं की मागणीला मर्यादा उरत नाही.

पिल्लू घेणाऱ्यानं दोन कागद मागावेत. पहिला, सहा ते दहा आठवड्यांच्या वयात यकृतासाठी केलेल्या पित्तआम्ल या रक्तचाचणीचा. उपाशीपोटी एक आणि खाल्ल्यावर दोन तासांनी एक, असे दोन नमुने लागतात. यकृताला वळसा घालणारी रक्तवाहिनी असेल तर दुसरा आकडा चढाच राहतो. दुसरा कागद रक्तस्रावाच्या जनुकांचा : रक्त गोठवणाऱ्या घटक सातची (फॅक्टर सेव्हन) कमतरता, आणि शस्त्रक्रियेनंतर एक ते चार दिवसांनी सुरू होणारा रक्तस्राव. या दुसऱ्या दोषात शस्त्रक्रिया व्यवस्थित पार पडते, टाके कोरडे दिसतात आणि घरी आणल्यावर जखमेभोवती काळंनिळं पसरू लागतं. नेहमीच्या गोठण्याच्या चाचण्यांत हा दोष दिसत नाही. म्हणून जनुकचाचणी झाली नसेल, तर नसबंदीसारख्या साध्या शस्त्रक्रियेआधीही डॉक्टरांशी बोलून ट्रॅनेक्झॅमिक आम्लासारखं, गुठळी विरघळू न देणारं औषध काही दिवस द्यावं.