रुग्ण संदर्भसेवा आणि दाखल होण्याचा हक्क

एका रुग्णालयात होऊ न शकणाऱ्या उपचारांसाठी रुग्णाला चिठ्ठी देऊन दुसऱ्या, बहुधा वरच्या रुग्णालयात पाठवण्याची व्यवस्था म्हणजे संदर्भसेवा. हा शब्द सरकारी कागदांतला. लोक 'रेफर केलं' किंवा 'पुढं न्या म्हणाले' एवढंच म्हणतात. महाराष्ट्रात ही वाट उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र, 30 खाटांचे ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय, जिल्ह्याचे 'सिव्हिल' आणि शेवटी ससून, घाटी किंवा जे. जे. यांसारखे वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय अशी आखलेली आहे. प्रत्यक्षात भूलतज्ज्ञ नसला की मधल्या पायऱ्या गळतात. सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग-सावंतवाडी भागातले गंभीर रुग्ण तर राज्याची हद्द ओलांडून गोव्यात बांबोळीच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात नेले जातात. तिथे जानेवारी 2018 पासून गोव्याबाहेरच्या रुग्णांना शुल्क लागू झाले, तेव्हा दोडामार्गात आंदोलन उभे राहिले.

या व्यवस्थेचा सगळा भार एका चिठ्ठीवर असतो. नाडी, रक्तदाब, कोणते इंजेक्शन किती वाजता दिले, काय झाले असावे असे वाटते, का पाठवत आहोत आणि पुढच्या रुग्णालयात कोणाशी फोनवर बोललो, एवढे तिच्यात असले की पुढच्या डॉक्टरचे काम तिथूनच सुरू होते. नुसते 'सिव्हिलला रेफर' लिहिलेली चिठ्ठी नातेवाइकाच्या खिशात घडी होऊन पोहोचते. मग नवा केसपेपर, पुन्हा रक्ततपासणी, पुन्हा तेच प्रश्न.

'दाखल होण्याचा हक्क' हे शब्द थोडे फसवे आहेत. भारतीय कायद्यात भक्कम आहे तो तातडीच्या उपचारांचा हक्क. हव्या त्या रुग्णालयात खाट मिळण्याचा नव्हे. परमानंद कटारा खटल्यात (1989) सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की जखमीचा जीव वाचवणे हे सरकारी असो वा खासगी, प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे आणि पोलिसी सोपस्कार त्याच्या आड येऊ शकत नाहीत. 1996 चा पश्चिम बंग खेत मजदूर समितीचा निकाल संदर्भसेवेच्या दृष्टीने जास्त महत्त्वाचा. 1992 मध्ये रेल्वेतून पडून डोक्याला मार लागलेल्या माणसाला कोलकात्यातल्या एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी 'खाट नाही', 'सोय नाही' म्हणून परत पाठवले. अखेर तो खासगी रुग्णालयात दाखल झाला. न्यायालयाने हा राज्यघटनेच्या अनुच्छेद 21 मधील जगण्याच्या हक्काचा भंग मानला, 25,000 रुपये भरपाई दिली आणि कुठे खाट रिकामी आहे हे आधीच कळेल अशी मध्यवर्ती संपर्कव्यवस्था उभारायला सांगितले. पाठवण्याआधी फोन करा, इतकी ती साधी गोष्ट; पण आजही सर्वांत जास्त राहून जाते ती तीच.

धर्मादाय रुग्णालयांवर महाराष्ट्रात आणखी बंधन आहे. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम 41 कक खाली मुंबई उच्च न्यायालयाने 2006 मध्ये ठरवलेल्या योजनेनुसार 10 टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात. आणीबाणीत अनामत न मागता रुग्णाला दाखल करून त्याची प्रकृती स्थिर करायची आणि गरज पडल्यास सरकारी रुग्णालयात हलवण्याची सोयही त्यांनीच करायची. एप्रिल 2025 मध्ये पुण्यात एका गर्भवतीकडे मोठी अनामत मागितल्याचा आरोप झाला आणि हा नियम चर्चेत आला. योजना तोवर जवळपास वीस वर्षांची झाली होती.

राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या 2018 च्या रुग्णहक्क सनदेत, कोणाच्याही व्यापारी फायद्यासाठी नव्हे तर वैद्यकीय कारणासाठीच रेफर केले जाण्याचा हक्क नमूद आहे. रोख अर्थातच 'कट प्रॅक्टिस'वर, म्हणजे रुग्ण पाठवल्याबद्दल मिळणाऱ्या टक्केवारीवर. गर्भवती आणि नवजात बाळांना एका सरकारी रुग्णालयातून दुसऱ्यात नेण्याचे वाहन 2011 च्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली मोफत असते. इतर तातडीच्या रुग्णांसाठी 108 क्रमांकाची रुग्णवाहिका.

निघताना घेतल्या जाणाऱ्या सहीकडे मात्र लक्ष हवे. 'स्वतःच्या जबाबदारीवर नेत आहोत' या ओळीखाली घाईत सही झाली, की रुग्णालयाने पाठवलेला रुग्ण कागदोपत्री स्वतःहून निघून गेलेला ठरतो. अशा वेळी केसपेपरची प्रत मागता येते. 2002 च्या वैद्यकीय आचारसंहितेप्रमाणे ती 72 तासांत द्यावी लागते.