पंचवीस, इप्पत्तैदु, इरवै ऐदु

सोलापुरात चादरी-टॉवेलांच्या एखाद्या घाऊक दुकानात अर्धा तास थांबले, तर एकच संख्या तीन तऱ्हांनी कानावर पडते. मराठी गिऱ्हाईक ‘पंचवीस नग’ मागते, कन्नड बोलणारा व्यापारी ‘इप्पत्तैदु’ म्हणतो आणि तेलुगू घरातला यंत्रमागधारक ‘इरवै ऐदु’. मराठीत पाच आधी आणि वीस नंतर. कन्नड-तेलुगूत वीस आधी, पाच मागून. पावतीवर मात्र सर्वांचा आकडा २५ असाच उतरतो, आणि उजवीकडून डावीकडे उर्दू लिहिणाराही दोन डावीकडे व पाच उजवीकडेच ठेवतो.

दहा-दहाच्या गटांनी मोजणे ही एकट्या भारताची कल्पना नव्हे. हाताला दहा बोटे असल्यामुळे ती अनेक समाजांना सुचली. प्राचीन इजिप्तमध्येही दहा, शंभर, हजार यांसाठी स्वतंत्र चिन्हे होती. आपली सुरुवातही तशीच आहे. जुन्नरजवळच्या नाणेघाटातील सातवाहनकालीन लेखात यज्ञप्रसंगी दान दिलेल्या गाई आणि कार्षापण नावाच्या नाण्यांचे आकडे ब्राह्मी लिपीत कोरलेले आहेत. तेथे दहाला एक चिन्ह, वीसला दुसरे, शंभरला तिसरे, आणि शून्य कोठेच नाही.

भारतीय गणितज्ञांचे मोठेपण असे की त्यांनी चिन्हे वाढवण्याऐवजी जागेला किंमत दिली. आर्यभटाने इसवी सन ४९९ च्या सुमारास ‘स्थानात् स्थानं दशगुणं स्यात्’, म्हणजे प्रत्येक स्थान आधीच्या स्थानाच्या दसपट, असे सांगितले. पण जागेला किंमत असेल, तर रिकामी जागाही दिसली पाहिजे. दोनशे सात टॉवेलांच्या मागणीत दशकाच्या घरात काहीच नाही. ते घर नुसते मोकळे सोडले, तर २ आणि ७ एकमेकांना चिकटून सत्तावीस होतात आणि गाठोड्यात १८० टॉवेल कमी पडतात. ती जागा शून्य धरून ठेवते. ब्रह्मगुप्ताने ६२८ साली शून्याला संख्या मानून त्याच्या बेरीज-वजाबाकीचे नियम दिले, आणि ग्वाल्हेरच्या चतुर्भुज मंदिरातील ८७६ सालच्या लेखात बागेची लांबी २७० हात लिहिताना कोरलेले लहानसे वर्तुळ आजही पाहता येते. पुढे ही पद्धत अरबी ग्रंथांमधून युरोपात गेली.

आपल्या नाण्यांत मात्र ती फार उशिरा आली. १ एप्रिल १९५७ पूर्वी तीन पैंचा पैसा, चार पैशांचा आणा आणि सोळा आण्यांचा रुपया असल्यामुळे मुनिमाला एकाच बेरजेत तीन, चार आणि सोळा असे तीन तऱ्हांचे हातचे धरावे लागत. रुपयाचे शंभर नवे पैसे झाल्यावर हातचा सगळीकडे दहाचाच राहिला. सुताच्या बाजारात अजूनही जुने माप टिकून आहे: वीस काउंटचे सूत म्हणजे एका पौंडात ८४० यार्डांच्या वीस लडी.

‘पंचवीस’ ऐकून ५२ लिहिणारे मूल गणितात कच्चे असते, असे मला मुळीच वाटत नाही. ते कानाने ऐकलेला क्रम प्रामाणिकपणे लिहीत असते. याच अडचणीमुळे २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस पाच’ असे वाचन सुचवले गेले आणि त्यावर मोठा वाद झाला. शब्द कोणताही ठेवला, तरी दहा काड्यांचे दोन गठ्ठे डावीकडे आणि पाच सुट्या काड्या उजवीकडे मांडून दाखवल्या, की मराठी, कन्नड आणि तेलुगू घरांतली मुले एकाच बाकावर बसून २५ बरोबर लिहितात.