मत्स्यशेतीतल्या टाकाऊ मालाचं द्रवखत: विकायचं असेल तर परवाना कसा काढायचा?

मरतुकीचे मासे, आतडी, कल्ले यांचं द्रवखत करून स्वतःच्याच शेतात वापरणार असाल, तर परवान्याची गरज नाही. मासळीचे तुकडे आणि तेवढ्याच वजनाचा गूळ पिंपात कालवा, तोंडाला फडकं बांधून सावलीत ठेवा. घट्ट झाकण नको, आत वायू धरतो. तीनेक आठवड्यांत सडका वास जाऊन आंबूस-गोडसर वास आला, की गाळून घ्या.

तीच बाटली लेबल लावून विकायला काढली, की खत नियंत्रण आदेश, 1985 लागू होतो. अर्ज भरण्याआधी एकच गोष्ट ठरवा: माल कोणत्या प्रकारात बसतो? गूळ-मासळीचा अर्क बायोस्टिम्युलंट (पिकाच्या वाढीला चालना देणारा पदार्थ) म्हणून नोंदवावा, असं पुष्कळांना वाटतं. पण प्राणिजन्य प्रथिनांपासूनची अकरा उत्पादनं केंद्राने 2025 मध्ये बायोस्टिम्युलंटच्या मान्य यादीतून वगळली, त्यांत मासळीपासूनचीही होती. म्हणून या वाटेवर आधी पैसे घालू नका.

दुसरी वाट मला जास्त भरवशाची वाटते. मासे पाळायच्या टाकीतला गाळ, म्हणजे विष्ठा आणि उरलेलं खाद्य, शेणाबरोबर बायोगॅस संयंत्रात घातलं, तर बाहेर पडणारी स्लरी 'द्रवरूप किण्वित सेंद्रिय खत' या प्रकारात येऊ शकते. हा प्रकार त्याच आदेशाच्या अनुसूची चारमध्ये, म्हणजे सेंद्रिय खतांच्या यादीत, 2020 पासून आहे. अर्थात नमुना त्या मानकांत बसला पाहिजे.

उत्पादन प्रमाणपत्रासाठी फॉर्म डी भरायचा, मंजुरी फॉर्म एफमध्ये मिळते. महाराष्ट्रात हे काम पुण्याच्या कृषी आयुक्तालयातला गुणनियंत्रण विभाग पाहतो. सोबत जोडायला आधार, पॅन, उद्यम नोंदणी, जागेचा सातबारा किंवा भाडेकरार, यंत्रसामग्रीची यादी, प्रयोगशाळेची सोय, नमुन्याचा तपासणी अहवाल आणि लेबलचा मसुदा तयार ठेवा. भागीदारी असेल तर करारपत्रही. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीची चौकशी मात्र शेड उभी करण्याआधीच करा. वासाच्या तक्रारी तिथेच जातात.

टनामागे 1500 रुपयांचं केंद्राचं साहाय्य (मंजुरी 2025-26 पर्यंतची) गोबरधन योजनेतल्या (शेण आणि जैविक कचऱ्यापासून बायोगॅस करण्याच्या) संयंत्रांच्या खतासाठी होतं. पिंपातल्या अर्काला ते नाही, कुणी एजंट सांगत असला तरी.

प्रमाणपत्र हातात आल्यावर विक्रेते शोधताना फॉर्म ओ विसरू नका. माल कोणाकडून घेतला, याचा तो दाखला असतो आणि तो माल पुरवणाऱ्याने, म्हणजे इथे उत्पादक म्हणून तुम्ही, द्यायचा असतो. त्याशिवाय परवानाधारक कृषी सेवा केंद्र तुमची बाटली ठेवणार नाही.