बास आमिष ओढतो कसा आणि थुंकतो कसा

उत्तर अमेरिकेतल्या तळ्यांचा आणि संथ नद्यांचा ‘लार्जमाउथ बास’ आमिषाला चावत नाही. त्याचे दात पॉलिश पेपरसारखे बारीक, घास धरून ठेवण्यापुरते. तो जबडा उघडतो, कल्ल्यांची झाकणे फाकवतो, तोंडात अचानक पोकळी होते आणि समोरचे पाणी आमिषासकट आत खेचले जाते. पाणी कल्ल्यांतून बाहेर पडते, घास आत राहतो. हे सारे सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास उरकते. आत आलेली वस्तू कडक किंवा बेचव लागली की तोंड आक्रसून तीच धार उलटी सोडायची, की आमिष बाहेर. दोरीवरचा हिसका माणसाच्या लक्षात येऊन हात हलेपर्यंत साधारण पाव सेकंद जातो. आपल्या खाड्यांतला जिताडाही असाच ओढून घेतो. पाण्यावर ‘धप्’ होते ती त्याचीच.

आमिषे बनवणाऱ्यांनी मात्र बरीच वर्षे माशाच्या तोंडाचा नाही, डोळ्याचाच विचार केला. व्हरमाँटच्या ज्युलिओ ब्युएलने १८५२ मध्ये पेटंट घेतले ते पाण्यात फिरत चमकणाऱ्या धातूच्या आमिषाचे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मिशिगनमधल्या डोवाजियाक गावच्या जेम्स हेडनने रंगवलेली लाकडी आमिषे बाजारात आणली. त्या काळच्या लाकडी आमिषांना तीन टोकांचे गळ जागोजागी लटकवत. मासा आमिष किती वेळ तोंडात ठेवतो हे ठाऊक नसताना, कुठेतरी एक टोक रुतेलच, हा त्यामागचा हिशेब. तो अगदीच चुकीचा नव्हता. २ जून १९३२ रोजी जॉर्जियात जॉर्ज पेरीने २२ पौंड ४ औंसांचा विक्रमी बास धरला, तो लाकडी आमिषावरच.

खरा बदल रबरी किड्याने झाला. ओहायोतल्या ॲक्रन शहरात निक क्रीमने १९४९ मध्ये मऊ प्लास्टिकचा गांडूळ ओतला. मऊ वस्तू मासा लगेच थुंकत नाही, निदान क्षणभर जास्त धरतो. पुढे ‘टेक्सास रिग’ रूढ झाली. दोरीवर गोळीच्या आकाराचे शिसे, त्याखाली मोठा गळ, आणि गळाचे टोक किड्याच्याच अंगात लपवलेले, म्हणजे शेवाळात अडकत नाही. पण लपलेले टोक आधी प्लास्टिकमधून आणि मग जबड्यात घुसायला हवे, म्हणून ताठ काठी आणि जोरदार हिसडा लागतो. ‘मासा ओढत नेऊ दे, मग हिसडा दे’ हा जिवंत आमिषाचा जुना नियम इथे घात करतो. एक तर मासा तेवढ्यात थुंकून मोकळा होतो, नाहीतर गळ घशात जाऊन सोडण्याआधीच मरणाला टेकतो.

१९७० च्या दशकात चित्रपटकार ग्लेन लाऊ यांनी फ्लोरिडाच्या नितळ पाण्याखाली बासचे चित्रीकरण केले, तेव्हा आमिष आत जाऊन बाहेर येते आणि काठीपर्यंत काहीच पोचत नाही, हे लोकांना डोळ्यांनी दिसले. दोरी ताणलेली असेल तर आमिष पाण्याबरोबर आत जाऊच शकत नाही, ओठावर अडते. फार सैल असेल तर ओढ कळत नाही. म्हणून किडा टाकताना दोरीला जेमतेम झोळ ठेवतात आणि नजर दोरीवर ठेवतात; ती बाजूला सरकली की हिसडा. वेगाने ओढायच्या, माशाच्या आकाराच्या कडक ‘क्रँकबेट’ आमिषाला लवचीक, काचतंतूची काठी का लागते, याचेही उत्तर हेच. काठी वाकते आणि आमिषाला तोंडात शिरायला दोन-चार इंच मिळतात. शेवाळावरून सरकवायच्या रबरी बेडकाला मात्र जाड विणलेली दोरी लागते, आणि पाणी फुटलेले दिसताच नव्हे, वजन जाणवल्यावर हिसडा. घाई केली की बेडूक हवेत उडतो.

मोठ्या माशाचे गणित कॅलिफोर्नियात वेगळे झाले. १९५९ मध्ये सॅन डिएगोच्या जलाशयांत फ्लोरिडाची जात सोडली गेली. पुढे तिथे टाकलेले ट्राउट मासे खाऊन ती अफाट वाढली. १९९१ मध्ये कास्टेइक तलावात सुमारे १० किलोचा बास निघाला. मग ट्राउटएवढी, आठ-दहा इंची आमिषे आली. ओढ मात्र तोंडाच्या रुंदीएवढ्या अंतरातच जोरदार असते, पुढे झपाट्याने विरते. जड आमिष तिने हलत नाही, माशाला स्वतः अंगावर धावून यावे लागते. २०१५ मध्ये छापलेल्या एका संशोधनात या ओढीची ९५ टक्क्यांपर्यंत शक्ती डोक्यातून नव्हे, धडाच्या पोहण्याच्या स्नायूंतून येते असे दिसले. तरीही बऱ्याचदा मोठा बास नुसता मागे येतो, बंद तोंडाने ढकलतो आणि वळतो.

विणीच्या खड्ड्यावर तर तो भुकेने आमिष उचलतच नाही, अडगळ म्हणून बाहेर टाकतो. कॅलिफोर्नियातल्याच डिक्सन तलावात मार्च २००६ मध्ये २५ पौंड १ औंसाची मादी लागली, पण गळ तोंडाऐवजी पाठीजवळ रुतलेला होता. ती सोडून दिली गेली आणि विक्रमासाठी अर्जही झाला नाही. मे २००८ मध्ये ती मेलेली तरंगताना सापडली. अंगावरच्या काळ्या ठिपक्यावरून ओळख पटली.