शिकारीचा कोट आणि आपली सफारी
(आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

ऑक्टोबर लागला की नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या दुकानात एक वाक्य रोज ऐकू येतं : "भाऊ, सफारीसाठी काहीतरी शिवून द्या ना." पावसाळ्यात मिटलेली जंगलं उघडलेली असतात. कोणाला पेंचच्या सिल्लारी गेटचं बुकिंग मिळालेलं असतं, कोणाला ताडोब्याच्या मोहर्लीचं, तर कोणी उमरेड-कऱ्हांडल्याला निघालेलं असतं. आमच्या वडिलांच्या काळीही लोक "सफारी शिवून द्या" असंच म्हणायचे, पण तेव्हा कोणाला जंगलात जायचं नसायचं. ऑफिसात किंवा मुलीच्या लग्नाच्या बोलणीला घालायला एकाच कापडाचा बुशशर्ट-पँटचा जोड हवा असायचा. 'सफारी' हा शब्द स्वाहिलीतला, अर्थ प्रवास. तिथे तो अरबीतून गेला आणि आपली 'सफर'ही त्याच मुळाची.

माप देऊन झालं की ग्राहकाचा पुढचा प्रश्न ठरलेला : "इतके खिसे कायले जी?" ट्रायलच्या पाच मिनिटांत याचं नीट उत्तर देता येत नाही, म्हणून हे पत्रक.

शिकारीच्या कपड्यावरची जवळजवळ प्रत्येक गोष्ट कुठल्यातरी कामासाठी आली. बंदूक खांद्याला लावायची, काडतूस पटकन काढायचं, काट्यांतून जायचं, जनावराच्या नजरेत यायचं नाही. पुढे फॅशनने ते सगळं उचललं, काम सुटलं तरी आकार राहिला. आपल्या देशात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली आणि ते फार चांगलं झालं. हात मात्र अजून तसाच डोळ्यासमोर उचलावा लागतो, आता कॅमेऱ्यासाठी नाहीतर दुर्बिणीसाठी. त्यामुळे जुन्या शिकारी कोटातल्या काही गोष्टी आजही उपयोगाच्या आहेत आणि काही निव्वळ पैसे वाढवणाऱ्या. कुठली कुठल्यात मोडते, हे शिवायला टाकण्याआधी आपल्याला माहीत असावं असं आम्हाला मनापासून वाटतं.

पाठ आणि मुंढा

सुरुवात इथूनच करतो, कारण कोट इथेच बिघडतो. घरी एक प्रयोग करून बघा. आपला लग्नातला ब्लेझर घाला, बटण लावा आणि फोटो काढताना धरतो तसे दोन्ही हात डोळ्यांसमोर आणा. पाठीवर ताण येईल, बाह्या मनगट सोडून कोपराकडे सरकतील, कॉलर मानेपासून सुटेल आणि पुढचं बटण वर ओढलं जाईल. ब्लेझर वाईट शिवलाय असं समजू नका, तो हात खाली सोडून उभं राहण्यासाठीच बेतलेला असतो.

नेम धरणाऱ्याला हे चालणारं नव्हतं. इंग्लंडात १८६०च्या दशकात प्रिन्स ऑफ वेल्सच्या शिकारी मंडळींत नॉरफोक जॅकेट रूढ झालं. त्याच्या पाठीवर आणि छातीवर उभ्या चुण्या आणि कमरेला त्याच कापडाचा पट्टा. हात वर गेला की पाठीची चुणी उघडते, खाली आला की मिटते. पुढे शिंप्यांनी ही चुणी खांद्यामागे, दोन्ही मुंढ्यांच्या (बाही जिथे जोडतात त्या गोलाईच्या) कडेला नेली. आज मोटरसायकलच्या जॅकेटला आणि पोलिसांच्या शर्टालाही तिथे चुणी दिसते, ती याच घराण्यातली.

मुंढ्याबद्दल मात्र बहुतेकांचा गैरसमज असतो. "बगलेत मोकळा ठेवा, हात वर जायला पाहिजे," असं ग्राहक सांगतात. होतं नेमकं उलटं. मुंढा खोल कापला की बाही अंगापासून खाली जोडली जाते, हात उचलला की पूर्ण कोट सोबत उचलला जातो. मुंढा बगलेच्या जवळ, उंच ठेवला आणि बाही वरून जरा रुंद बेतली तर हात एकटा वर जातो, कोट जागेवर राहतो. आपल्या जुन्या शिंप्यांनी हे वेगळ्या वाटेने साधलं होतं. अंगरख्यात, सदऱ्यात बगलेत एक चौकोनी तुकडा तिरका जोडलेला असायचा. आमच्या आजोबांच्या हातची एक बंडी अजून दुकानात आहे, तिचं बाकी कापड विरलं तरी बगलेतला तो जोड उसवलेला नाही. जंगलासाठीच्या शर्टात आम्ही आजही तो घालतो. बाहेरून दिसत नाही, कापड थोडं जास्त लागतं, पण कॅमेरा घेऊन चार तास सफारीच्या जिप्सी गाडीत बसणाऱ्याला फरक पहिल्याच दिवशी कळतो.

राजेरजवाड्यांच्या शिकारीत थाटही असे, हे खरं. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात जहांगीरच्या काळातला एक शिकारी कोट आहे, पांढऱ्या साटिनवर रेशमी साखळी टाक्याने झाडं, फुलं आणि प्राणी भरलेला. इतकं भरतकाम धुळीत नेण्याजोगं नाही. पण बघण्यासारखं हे की त्या कोटालाही बाह्या नाहीत. एवढ्या श्रीमंती कपड्यातही शिंप्याने हात मोकळे सोडले.

उजव्या खांद्यावरचा चामड्याचा तुकडा बंदुकीचा दस्ता टेकवायला होता. आता तो स्वेटरवरही दिसतो, तिथे काही उपयोगाचा नाही. ज्यांच्याकडे जड लेन्सचा कॅमेरा आहे त्यांना आम्ही त्याच जागी आतून कापसाची पातळ गादी शिवून देतो. पट्टा रुतत नाही.

खिसे

बुश जॅकेटला, म्हणजे सफारीच्या शिकारी कोटाला, पुढे चार खिसे, दोन छातीवर, दोन कमरेखाली. खालचे दोन लोहाराच्या भात्यासारखे फुगतात, कारण त्यात काडतुसं जायची. कडेला चुणी, वर झाकण, झाकणाला बटण. १९०९ साली अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट आफ्रिकेत मोठ्या शिकारीला गेले, त्यांचं सामान न्यूयॉर्कच्या अ‍ॅबरक्रॉम्बी अँड फिच या दुकानाने पुरवलं होतं. आपल्या मुलांच्या टी-शर्टवर हे नाव दिसतं, पण १८९२ साली दुकान निघालं ते रानात राहण्याच्या आणि शिकारीच्या सामानासाठी.

हे जॅकेट रानातून शहरात आणण्याचं मोठं श्रेय ईव्ह सेंट लॉरेन्ट यांना जातं. अल्जीरियातल्या ओरान शहरात जन्मलेल्या या फॅशनकाराने १९६८ साली बाईसाठी सफारी जॅकेट काढलं, पुढे बटणांऐवजी दोरीने गुंफलेलं, कमरेला पट्टा. तोवर हा कपडा पुरुषाचा होता. पुढच्या काही वर्षांत तो आपल्याकडे पोचला तेव्हा पट्टा गळला, बाह्या अर्ध्या झाल्या, कापड टेरिकॉटचं आलं आणि तो साहेबाचा सफारी सूट झाला. फुगणारे खिसे सपाट झाले. आमच्या मते चूक तिथेच झाली. खिशातली चुणी काढली की उरतं ते नुसतं झाकण.

खिशाबाबत आम्ही एक धडा ग्राहकाकडून शिकलो. काही वर्षांपूर्वी आम्ही एका ताईंना जंगलासाठी जॅकेट शिवून दिलं आणि सोय म्हणून खिशांना वेल्क्रो लावलं. पहाटेच्या फेरीत त्यांची जिप्सी एका पाणवठ्याशी थांबली होती, गाइडने बोट ओठांवर ठेवलेलं होतं, वाघीण बांबूच्या बेटातून अर्धी बाहेर आली होती. ताईंनी लेन्सचं झाकण ठेवायला खिसा उघडला आणि 'चर्र' असा आवाज झाला. वाघीण आत वळली. त्या परत आल्या, रागावल्या नाहीत, फक्त जॅकेट काउंटरवर ठेवून तो खिसा एकदा उघडून दाखवला. शांत दुकानातही तो आवाज दचकवणारा होता. त्या दिवसापासून जंगलाच्या कपड्याला आम्ही वेल्क्रो लावत नाही. काज-बटण, तेही नारळाच्या कवटीचं किंवा लाकडाचं. पितळी बटण चमकतं आणि जिप्सीच्या लोखंडी दांड्याला लागलं की वाजतं.

छातीवर ओळीने शिवलेल्या काडतुसांच्या नळ्या हौसेने मागितल्या जातात. त्यात धूळ साठते, बाकी काही नाही. आपण म्हणाल तर शिवून देऊ, पण एकदा विचार करा.

खाकी आणि बाकीचे रंग

'जळून खाक' मधला खाक म्हणजे फारसीतली धूळ, माती. १८४६च्या सुमारास पेशावरकडे हॅरी लम्सडेन यांनी उभारलेल्या गाइड्स पलटणीने पांढरे कपडे मातकट रंगात रंगवले. तिथून खाकी फौजेत गेली, फौजी अधिकाऱ्यांबरोबर शिकारीला गेली आणि तिथून जगभरच्या पँटांवर. मूळचा रंग आपल्या भागातला, तरी आज तो 'चिनोज' म्हणून परदेशी नावाने परत विकला जातो.

रानाशी जुळणारा रंग निवडण्याची तऱ्हा स्कॉटलंडमध्येही होती. तिथे जमीनदार आपापल्या टेकड्यांच्या रंगाचं ट्वीड, म्हणजे जाड लोकरी कापड, विणून घेत. राजघराण्याच्या बॅल्मोरल इस्टेटीचं ट्वीड १८५३ साली राणी व्हिक्टोरियाचे पती अल्बर्ट यांनी ठरवलं : लांबून करडं, जवळून पाहिलं तर तिथल्या ग्रॅनाइटच्या दगडासारखे बारीक ठिपके. एक सपाट रंग डोळ्यात भरतो, मिसळलेले धागे विरघळतात. आमच्याकडच्या कापडांतही दोन रंगांचे धागे मिसळलेलं ड्रिल (तिरक्या विणीचं सुती कापड) जंगलात एकरंगी खाकीपेक्षा चांगलं दिसतं, किंवा खरं तर कमी दिसतं.

हरणाच्या जातीला लाल-केशरी आणि हिरवा यांतला फरक नीट कळत नाही, निळा मात्र चांगला दिसतो. केशरी वाघ हिरव्या गवतात चितळापासून लपतो, तो यामुळेच. अमेरिकेतले शिकारी भडक केशरी जाकीट घालतात तेही याच आधारावर : दुसऱ्या शिकाऱ्याला माणूस दिसावा, हरणाला नाही. आता तो केशरी रंग शहरातल्या तरुणांच्या टोप्या-जॅकेटांवर आला आहे. आपण जंगलात जाताना केशरी घालू नका, तिथे इतर माणसंही शांतता शोधायला आलेली असतात. आणि निळी जीन्स घरी ठेवा.

ट्वीड, मेणकापड आणि आपला उन्हाळा

परदेशात राहणारी मुलं फोटो पाठवतात आणि आईवडील आमच्याकडे येतात : असंच शिवून द्या. ट्वीडचा कोट नागपुरात डिसेंबर-जानेवारीच्या पहाटेला, उघड्या जिप्सीत खरोखर उपयोगी आहे, पण नऊ वाजले की उतरवावा लागतो. मेण चोपडलेल्या सुती कापडाचं जॅकेट, जसं इंग्लंडातली १८९४ सालची बार्बर कंपनी करते, ते तिथल्या रिमझिम पावसासाठी आहे. आपल्या मे महिन्यात मेण मऊ होऊन चिकटतं आणि कापड श्वास घेत नाही. ते शिवायला आम्ही नाही म्हणतो.

४५ अंशांत आम्ही सुचवतो ते तिरक्या विणीचं हलकं सुती ड्रिल, पूर्ण बाह्या आणि आत मऊ मलमलची बंडी. थंडीत त्याच शर्टावर बिनबाह्यांचं गादीचं जाकीट. एकावर एक घाला, ऊन चढलं की काढत जा.

कोसा

कोसा म्हणजे टसर रेशीम, हे आमच्या आवडीचं. टसरचे किडे भंडारा, गडचिरोली, चंद्रपूरच्या रानात ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर वाढतात. त्या कोशाच्या धाग्याचा रंग न रंगवताच मधासारखा, वाळल्या पानासारखा असतो. पेशावरच्या पलटणीला जो रंग मातीत कापड घोळून मिळवावा लागला, त्याच्या जवळचा रंग मोहाडी-आंधळगावच्या मागावर झाडावरून उतरूनच येतो. काट्यांत तो धागा ओढला जातो, म्हणून कोसा जंगलात नेऊ नका. पण शिकारी घाटाचा बंदगळा, चार खिसे, पाठीला चुणी, कमरेला अर्धा पट्टा, असा कोस्यात शिवला तर लग्नसमारंभात त्याच्यासारखं दुसरं काही नाही. खाली जोधपुरी हवी असेल तर तीही करतो. जोधपूरच्या सर प्रताप सिंग यांच्या पोलो संघामुळे १८९७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्याच्या हीरक महोत्सवात, ही विजार इंग्लंडात गाजली. मांडीला घोळदार, पोटरीला चुडीदारासारखी घट्ट. घोड्यावरून रानडुकराच्या शिकारीला जाणाऱ्यांनी ती घातली, पोलो खेळणाऱ्यांनी घातली. आपल्याला बसायला-उठायला ती आजही सोपी जाते.

काय शिवत नाही

भारतीय लष्कराच्या २०२२ पासूनच्या नव्या लढाऊ गणवेशाची नक्षी लष्कराची आहे. तशा कापडावर काहीही शिवून देत नाही, मुलाच्या वाढदिवसासाठीसुद्धा नाही. आजोबांच्या पेटीत सापडलेलं कातडं, वाघनखाचं बटण किंवा पदक कोणी लावून मागितलं तर तेही नाही. अशा वस्तूची खरेदी-विक्री कायद्याने बंद आहे, ती बाळगण्याबद्दल वनविभागाकडे चौकशी करावी.

माप द्यायला येताना

जो कॅमेरा किंवा दुर्बीण नेणार असाल ती बरोबर आणा. पाठीचं माप आम्ही दोनदा घेतो, एकदा हात खाली, एकदा हात डोळ्यांसमोर उचलून. खिशाची खोली आपल्या मोबाइलवर आणि पाण्याच्या बाटलीवर ठरवतो. आठ दिवसांत कच्ची ट्रायल, त्यात बसून, वाकून, हात उचलून बघा, आरशासमोर नुसते उभे राहू नका. नवं ड्रिल एकदा धुवूनच बेततो, म्हणजे नंतर आटत नाही. धुताना पांढरेपणासाठीची पावडर वापरू नका, साधा साबण पुरे, आणि सावलीत वाळवा. दोन वर्षांत कुठेही बगल किंवा खिसा उसवला तर दुरुस्ती आमच्याकडे विनामूल्य.