थॉमसन आणि क्रेगहेड

जॉन थॉमसन (जन्म १९६९) आणि अ‍ॅलिसन क्रेगहेड (जन्म १९७१) ही ब्रिटनमधली कलावंत जोडी. साधारण १९९३ पासून दोघं एकत्र काम करतायत आणि कामावर नाव दोघांचं मिळूनच असतं, त्यामुळे कुणाचा वाटा किती हे शोधत बसण्यात फारसा अर्थ नाही. फिल्म, वेबसाइट, गॅलरीतलं इन्स्टॉलेशन, रस्त्यावरची पाटी, सगळंच केलंय. बरेच जण त्यांना नेट आर्टच्या (म्हणजे इंटरनेट हेच माध्यम असलेल्या कलेच्या) खात्यात टाकून मोकळे होतात, काही जण मात्र दुसऱ्यांच्या फुटेजवर कात्री चालवणाऱ्या फिल्म परंपरेशी त्यांचं नातं लावतात. हे दुसरं मत जास्त पटण्यासारखं, कारण इंटरनेटवर लोकांनी आधीच टाकून ठेवलेलं उचलायचं आणि नव्याने मांडायचं हीच त्यांची मुख्य पद्धत आहे.

‘बीकन’ या त्यांच्या कामाचं साल लिहिताना मात्र पंचाईत होते. जगभरात लोक त्या क्षणी सर्च इंजिनमध्ये काय टाइप करतायत ते एकामागून एक दाखवत राहायचं, एवढंच हे काम. १ जानेवारी २००५ ला ग्रिनिच वेळेनुसार मध्यरात्री ते वेबवर सुरू झालं, मग गॅलरीत प्रोजेक्शन म्हणून आलं आणि २००७ मध्ये इटलीतल्या उदिने इथल्या सोलारी कंपनीबरोबर त्याचा रेल्वे स्टेशनवर असतो तसा फडफडत्या पट्ट्यांचा बोर्ड बनला. आता ही तीन कामं धरायची की एकच? २००५ हेच साल धरून बाकीची त्याची रूपं मानणं बरं, कारण मजकूर तोच, फक्त दाखवायची सोय बदलते. पण बोर्डामुळे फरक पडतो हेही खरं, प्रत्येक अक्षराच्या घरात पट्ट्यांची चळत असते, ती खडखडत फिरते आणि हवं ते अक्षर आलं की थांबते, म्हणजे कुणीतरी घाईत टाइप केलेला खाजगी प्रश्न इथे गाडीच्या वेळेसारखा जाहीर होतो.

फिल्ममध्ये ‘अ शॉर्ट फिल्म अबाउट वॉर’ (२००९-१०) महत्त्वाची. पडदे दोन. एकावर फ्लिकर या फोटो टाकायच्या वेबसाइटवरचे फोटो आणि ब्लॉगमधल्या मजकुराचं वाचन, दुसऱ्यावर त्याच वेळी त्या फोटो-मजकुराचे वेबपत्ते आणि ठिकाणाचे अक्षांश-रेखांश सरकत असतात. स्वतःची माहिती कुठून आणली हे चालू फिल्ममध्येच सांगणारी युद्धावरची फिल्म विरळाच (बातम्यांची चॅनेलंसुद्धा एवढं करत नाहीत). ‘द टाइम मशीन इन अल्फाबेटिकल ऑर्डर’ (२०१०) मध्ये ‘द टाइम मशीन’ हा १९६० चा हॉलिवूडपट त्यात बोललेल्या शब्दांच्या इंग्रजी वर्णानुक्रमाने पुन्हा लावलाय, म्हणजे गोष्ट जाते आणि शब्द राहतात.

सार्वजनिक कामांत ‘लंडन वॉल’ (२०१०), म्युझियम ऑफ लंडनच्या तीन मैलांच्या परिसरातल्या ट्वीट्सची पोस्टरं करून भिंतीवर लावलेली. ‘हिअर’ (२०१३) ही ग्रिनिचच्या शून्य रेखावृत्तावरची साधी रस्त्याची पाटी, तिच्यावर ‘इथे’ आणि २४,८५९ हा आकडा, म्हणजे ध्रुवांवरून पृथ्वीला वळसा घालून परत त्याच जागी यायला लागणारे मैल.

अलीकडच्या काळात अणुकचरा सुरक्षित व्हायला किती सेकंद उरलेत ते मोजणारे उलटे काउंटर त्यांनी ‘टेम्पररी इंडेक्स’मध्ये केले. दोघांनी कला शिक्षणाचंही काम केलंय, थॉमसन यांनी लंडनच्या स्लेड स्कूलमध्ये.